नातवासाठी काय न्यावं

दोन वर्षांच्या पोराला भेट काय न्यावी, हे जगात कुणालाही माहीत नाही. खडेबाजारातल्या दुकानदारांना तर मुळीच नाही. ते तुम्हाला डबा दाखवतात, डब्यावरचं हसरं पोर दाखवतात आणि म्हणतात, हे लई चालतंय बघा मॅडम. कुठं चालतंय, कुणाकडं चालतंय, देव जाणे. मी नेलेलं एकही खेळणं आजवर चाललेलं नाही. मी आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला शिकवलं. सहा वर्षांचं पोर पुढ्यात उभं करा, त्याला भूक लागलीय, शू लागलीय की शेजारच्यानं चिमटा काढलाय, हे मी फळ्याकडं तोंड करूनसुद्धा सांगेन. पण सहाच्या खालचं पोर म्हणजे माझ्या दृष्टीनं अभ्यासक्रमाबाहेरचा धडा. आणि नेमकी त्याच धड्यावरची परीक्षा म्हातारपणी माझ्यापुढं आली.

परीक्षाच म्हणायची ती. आमची लेक निपाणीच्या पुढं, महाराष्ट्राची हद्द ओलांडली की लागणाऱ्या एका खेड्यात दिलेली आहे. नातू वर्षाचा झाला तेव्हा ती म्हणाली की तो दोन वर्षांचा झाल्यावर कागलच्या एमआयडीसीत नोकरी धरायचं तिच्या मनात आहे. जावई दिवसभर बाहेर, सासू-सासरे शेतात नाहीतर गोठ्यात. पोराकडं बघणार कोण?

"तुझ्याकडं रमला तर शाळेत जाईपर्यंत बेळगावातच ठेवते," ती म्हणाली. "मी शनिवारी-रविवारी येत जाईन. पण आधी रमला पाहिजे गं. आता तर तुला बघितलं तरी रडतोय."

ते खरं होतं आणि म्हणूनच लागलं. फोनवर बघितलं की हा पोरगा खदाखदा हसायचा, पडद्यावर लाळेचा पापा द्यायचा, मी 'भॉक्' केलं की पुन्हा पुन्हा कर म्हणून हात आपटायचा. आणि तीच मी दारात उभी राहिले की तोंडाचा असा काही चंबू करायचा, की पोर पळवणारी टोळीच आली आहे. फोनमधली आजी त्याला चालायची, खरी नको असायची. मी हात पुढं केला की तो आपल्या दुसऱ्या आजीच्या, म्हणजे आमच्या विहीणबाईंच्या पदरात तोंड खुपसायचा. विहीणबाई भल्या बाई आहेत. त्या त्याला म्हणायच्या, "जा की रं, आजी हाय न्हवं ती बेळगावची." पण असं म्हणताना त्या त्याची पाठ थोपटायच्या, आणि ते थोपटणं मला दिसायचं.

खासबागेतल्या आमच्या घरात खोली तयार होती. खिडकीला जाळी बसवून घेतली होती, पायरीला लाकडी दांडका लावला होता, स्टोव्ह उंचावर गेला होता. आमचे हे निवृत्त झाल्यापासून दिवसभर पेपर वाचतात. त्यांनीसुद्धा आपला चष्मा, औषधं आणि किल्ल्या वरच्या फळीवर हलवल्या होत्या आणि आता त्या त्यांना स्वतःलाच सापडत नव्हत्या. सगळं झालं होतं. उणीव होती ती फक्त पोराची. त्याला माझ्याकडं वळवायचं कसं, एवढाच प्रश्न उरला होता, आणि मला वाटलं, खेळण्यानं वळेल.

आमच्याकडं म्हणतातच की देवळात, आजाऱ्याकडं आणि लहान मूल असलेल्या घरात मोकळ्या हातानं जाऊ नये. तेव्हा खेळणं न्यायचं तर होतंच, मग चांगलं न्यावं. पहिल्या दुकानातल्या मुलीनं मला आधी कन्नडमधून, मग हिंदीतून आणि शेवटी मराठीतून विचारलं की मुलाचं वय काय. मी म्हटलं, दीड वर्ष. तिचा चेहरा पडला. त्या दिवशी मला जे कळलं ते असं, की कारखानदारांच्या मते दीड-दोन वर्षांची मुलं जन्मालाच येत नाहीत. खुळखुळे असतात ते पाळण्यातल्यांसाठी. त्यापुढचं सगळं तीन वर्षांनंतरचं. मधली पोरं बहुधा कुठंतरी ठेवून देत असतील आणि तिसऱ्या वाढदिवसाला बाहेर काढत असतील.

तिनं शेवटी एक पोपट काढला. हिरवा, केसाळ, पोटात बॅटरी असलेला. आपण जे बोलू ते तो चिरक्या आवाजात परत बोलायचा आणि मान हलवायचा. दुकानात मी आणि ती मुलगी दोघीही त्याच्याशी बराच वेळ बोललो आणि हसलो. मला वाटलं, झालं आपलं काम. माझ्या आवाजाची सवय होईल, बोलायलाही शिकेल.

पोपट बघून पोरगा आधी गप्प झाला. डोळे मोठे केले. एक पाऊल पुढंही आला. तेवढ्यात विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "बया, कसलं गं ह्ये!" आणि पोपट मान हलवत, त्यांच्याच बोलीत पण भुतासारख्या आवाजात ओरडला, की बया, कसलं गं ह्ये. पोरानं जो टाहो फोडला तो मी बसमध्ये बसेपर्यंत थांबला नव्हता. पुढचे काही दिवस तो पोपट ओसरीत टांगून ठेवला होता म्हणे. व्याह्यांनी गोठ्यात म्हशीला घातलेल्या शिव्या त्यानं पाहुण्यांसमोर म्हणून दाखवल्या, तेव्हा त्याच्या बॅटऱ्या काढल्या.

हे लेकीनं मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. आमच्या ह्यांना मात्र इतकं आलं की ठसका लागला.

मग मी पुस्तकं वाचली, शेजारणींना विचारलं. शेजारणीची सून म्हणाली, आवाजाचं काही देऊच नका काकू, लाकडाचं द्या, मेंदू वाढतो. लाकडाचे ठोकळे नेले. ते त्यानं मेंदूसाठी वापरले नाहीत, कोंबड्यांवर फेकले. त्यातला एक लहान ठोकळा त्याच्या तोंडात गेलेला बघून विहीणबाईंनी सगळे गोळा केले आणि माळ्यावर टाकले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं मला फार झोंबायचं. तीनचाकी नेली तर पाय पोचेनात. तिच्यावर ओले लंगोट वाळत घालायला बरं पडायचं. अस्वल नेलं ते कुत्र्यानं पळवलं, आणि कुत्रा अजून त्याला डोक्याखाली घेऊन झोपतो. त्या घरात माझ्या खेळण्यांचा सगळ्यांना उपयोग झाला, एका पोराला सोडून.

आणि पोरगा खेळायचा कशाशी? तर बादलीशी. गोठ्याशेजारी पाण्याचं दगडी टाकं आहे, त्याच्याजवळ एक फुटकी बादली आणि एक पत्र्याचं झाकण. सकाळपासून ह्याचं तेच. झाकण पाण्यात बुडवायचं, काढायचं, बादलीत ओतायचं. मी बाजूला उभी राहून बघत राहायची. जवळ गेले की झाकण पाठीमागं लपवायचा, जणू मी ते परत न्यायलाच आले आहे.

दर खेपेला परतताना निपाणीच्या स्टँडवर बसून मी ठरवायची की आता पुन्हा काही न्यायचं नाही. आणि बेळगावात उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी पाय बाजाराकडं वळायचे. लेकीला फोन केला तर ती म्हणायची, "आई, काही आणू नकोस गं." हे ती मायेनं म्हणत होती की वैतागानं, हे मला कळत नव्हतं. कुणी मला सरळ सांगेल तर शपथ. पोर रमत नाही म्हणून मी आणखी खेळणी नेत होते, आणि मी आणखी नेते म्हणून सगळे आणखी ओशाळत होते. दोन वर्षांचा वाढदिवस झाला तसा माझा जीव टांगणीला लागला. नोकरीचं काय, कधीपासून, विचारलं की ती म्हणायची, बघू, अजून ठरलं नाही.

हिंडलग्याला माझं माहेर. भाऊ अजून शेती करतो आणि त्याचा मुलगा शहरात नोकरीला जातो. ज्येष्ठाच्या सुरुवातीला मी त्याच्याकडं गेले आणि माझं गाऱ्हाणं सांगत बसले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आक्का, तू बाजारात कशाला हिंडतीस गं? बेंदूर आलाय. बैल दे की न्हेऊन. पोराला पयलं बैल आजोळचं असत्यात न्हवं?"

मी कपाळावर हात मारला. आमच्यात ती रीतच आहे. पोर चालायला-बोलायला लागलं की त्याच्या पहिल्या बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, आजोळहून मातीची बैलजोडी जायची. माझ्या भावांना आमच्या आजोळानं दिलेली जोडी मला आठवत होती. शाळेच्या नादात, शहराच्या नादात मी विसरले होते. आणि ह्याहून चांगली भेट काय असणार? बॅटरी नाही, ठोकळा नाही, घशात अडकण्यासारखं काही नाही. त्या घरात बैल आहेत, पोरगा त्यांना रोज बघतो. भावानं ओळखीच्या कुंभाराकडून जोडी करून घेतली. काळ्या मातीची, डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे, शिंगांना लाल रंग, पाठीवर वशिंड असं भरदार, की हात फिरवावासा वाटावा. मी कधी नव्हे ती खूश झाले.

लेकीला मुद्दामच फोन केला नाही. केला असता तर पुन्हा काही आणू नकोस म्हणाली असती. सणाला आईनं लेकीकडं जायला आमंत्रण कशाला लागतं? ह्यांचे गुडघे दुखत होते, तेव्हा एकटीच निघाले. पौर्णिमेच्या सकाळी बुट्टीत भाताचा कोंडा घालून त्यात बैल बसवले, वर टॉवेल टाकला आणि बुट्टी मांडीवर घेऊन निपाणीची गाडी पकडली. गाडीत एक बाई माझ्या बुट्टीवर पिशवी ठेवू बघत होती. मी तिला अशी काही बोलले की ती शेवटपर्यंत माझ्याकडं बघेना. निपाणीहून पुढं माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या रिक्षात एका बैलाचं शिंग टोकाला जरा उडालंच. मला रडू यायचं बाकी होतं.

गावात शिरले तर सणाचं काहीच चिन्ह नव्हतं. बैलांची शिंगं रंगवलेली नाहीत, अंगावर झुली नाहीत, कुणी मिरवणुकीच्या तयारीत नाही. माणसं खुरपी घेऊन शेताकडं चाललेली. एक ट्रॅक्टर चिखल उडवत गेला. मी मनातल्या मनात सगळ्या गावाला झोडपलं. आताच्या लोकांना रीत राहिली नाही, भात राहिली नाही, बैलं विकली आणि ट्रॅक्टर घेतले, मग बेंदूर तरी कुणाचा करणार. शाळेत असते तर ह्यावर निबंध लिहायला दिला असता.

विहीणबाई ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून त्या गडबडीनं उठल्या, सूप उपडं झालं.

"अवो, आज कशा काय तुमी?"

"बेंदूर नाही का," मी म्हटलं आणि बुट्टीवरचा टॉवेल बाजूला केला.

त्या बैलांकडं बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "ह्यो कर्नाटकी बेंदूर जी. आमचा महाराष्ट्राचा. म्हैन्यानं येतोय त्यो."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. इकडच्या पट्ट्यात दोन बेंदूर आहेत, हे शेंबडं पोरही सांगेल. ज्येष्ठातला कर्नाटकी आणि त्यानंतर महिन्याभरानं महाराष्ट्राचा. पण कुठल्या गावानं कुठला करायचा, ह्याचा हद्दीशी मेळ असता तरी बरं झालं असतं. हद्दीपलीकडची कितीतरी गावं कर्नाटकी बेंदूर करतात. त्यांच्या शेजारचं गाव करतं, पलीकडचं गाव करतं. नेमकं माझ्या लेकीचं गाव करत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कधी बेंदराला तिथं गेले नव्हते, आणि विचारायचं सुचलंही नाही. आपला तो सण सगळ्यांचा, असं धरून चालले होते. स्वतःचाच इतका राग आला की म्हटलं, असो, निदान लेकीला तरी भेटू.

"ती कुठं आहे?" मी विचारलं.

विहीणबाई खाली बसून सांडलेले तांदूळ गोळा करायला लागल्या. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "कामावर गेलीया. धा-पंधरा दिस झालं लागून. मी ऱ्हातो आता घरात पोराजवळ. शेताकडं ह्येच बघत्यात." आणि मग घाईघाईनं, "तुमास्नी सांगनारच हुती ती. आमच्या बेंदराला बोलवून सांगायचं म्हणत हुती."

मी ओसरीच्या कडेला बसले. मला काय वाटलं ते सरळच सांगते. मला वाटलं, मला नापास केलं आणि निकालसुद्धा कळवला नाही. खिडकीला बसवलेली जाळी डोळ्यांपुढं आली. इतके महिने मी दुकानं पालथी घातली, लोकांची टिंगल ऐकली, पोपट नेले, अस्वलं नेली, आणि इथं सगळं ठरून गेलं होतं. फोनवर रोज बोलत होते मी तिच्याशी. काय जेवलीस, पोराचा खोकला कसा आहे, सगळं बोलायची. हे एवढंच बोलली नाही. विहीणबाईंनी चहा पुढं केला, मी तो घेतला नाही. त्या बिचाऱ्यांचा त्यात काय दोष, हे कळत होतं. तरी घेतला नाही.

त्यांनी कप बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुमचा आज सण हाय म्हणल्यावर पुरान घालतो की. डाळ शिजाय येळ लागत न्हाई." मी नको नको म्हणत होते, पण त्या आत गेल्यासुद्धा. दुसऱ्याच्या सणाचं पुरण घालणाऱ्या बाईवर रुसून बसायचं म्हणजे अवघडच असतं, पण मी बसले.

ह्या सगळ्यात बुट्टीकडं माझं लक्ष नव्हतं. पोरगा कधी आला, कधी त्यानं बैल उचलला, कळलंच नाही. बघते तर तो टाक्याजवळ उकिडवा बसलेला आणि एक बैल पाण्यात बुडवून त्याची पाठ चोळतोय. आजोबा बैल धुतात ते त्यानं बघितलेलं. तसाच तोंडानं 'हो हो' करत तो बैलाला आंघोळ घालत होता. कच्ची माती ती, भाजलेली थोडीच. पाय गेले, मग शेपूट गेलं, मग वशिंड त्याच्या हातातच बसकं झालं. त्यानं हात वर काढला तर हातात नुसता लगदा आणि ज्वारीचा एक दाणा.

तो रडला नाही. त्यानं टाक्यात वाकून बघितलं, बैल खाली बसलाय का म्हणून. मग माझ्याकडं बघितलं, जणू मी तो कुठंतरी लपवला आहे. आणि उठून दुसरा बैल घ्यायला निघाला.

"ए! ठेव तो," मी ओरडले. वर्गावर ओरडायचे तशी. तिकडचा सगळा राग त्याच्यावर निघाला. त्याचा हात सुटला, बैल दगडावर पडून फुटला, आणि तो मोठ्यांदा रडत आत पळाला. आतून विहीणबाईंचा आवाज आला, काय झालं रं, काय झालं माझ्या राजाला. मला वाटलं, संपलं. आता तो माझ्याकडं कधी बघणारसुद्धा नाही. आणि बघून तरी काय करायचंय म्हणा, ठरलंय सगळं.

काही सुचेना म्हणून मी ते तुकडे गोळा करायला लागले. पाण्यात कालवले तर माती छान मऊ झाली. हाताला चाळा म्हणून मी तिचा गोळा केला, चार पाय लावले. मातीकामाचा तास मी शाळेत नेहमी दुसऱ्या बाईंवर ढकलायची, कारण मला ते कधीच जमलं नाही. माझ्या बैलाला मान नव्हती आणि पोट जमिनीला टेकत होतं. एक पाय सारखा गळून पडत होता आणि मी चिडून तो पुन्हा पुन्हा लावत होते. ह्यात किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझ्या खांद्याला काहीतरी लागलं तेव्हा मी बघितलं. पोरगा पाठीमागं उभा होता, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून, तोल सावरायला ठेवावा तसा. नाक वाहत होतं. तो माझ्या हातातल्या प्राण्याकडं फार गंभीरपणे बघत होता.

"भू भू," तो म्हणाला.

"बैल आहे तो," मी म्हटलं.

"भू भू."

मी वाद घातला नाही. बैलाचा गळलेला पाय त्यानं उचलून मला दिला, मी लावला. तो पुन्हा गळला, त्यानं पुन्हा दिला. हे बराच वेळ चाललं. उभं राहून त्याचे पाय दुखले असतील, कारण मग तो काही न विचारता माझ्या मांडीवर बसला, पाटावर बसावं तसा, पाठ माझ्याकडं करून. मी हललेसुद्धा नाही. कोपरापर्यंत चिखल, लुगडं खराब, आणि मला इतका आनंद झाला होता की त्याचाच राग येत होता. आज कशाला आलास? हाच मेला महिन्याभरापूर्वी बसला असता तर!

दुपारी विहीणबाईंनी पुरणपोळी केली. पोरानं ती माझ्या हातून खाल्ली. व्याही शेतातून आले, नवल करून बघत राहिले आणि 'असंच व्हायचं' म्हणून जेवायला बसले. नंतर पोरगा माझ्या मांडीवरच झोपला. मातीचा गोळा मुठीत धरून. विहीणबाई म्हणाल्या, खाली टाका, अंग आखडंल तुमचं. मी नाही टाकलं.

दिवस कलला तशी लेक आली. फाटकातूनच तिनं मला बघितलं आणि जागच्या जागी थांबली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. ते तिनं आधी काढून पर्समध्ये टाकलं, मग आत आली. माझ्याजवळ ओसरीवर बसली. विहीणबाई आत निघून गेल्या.

मी विचार केला होता की काही बोलायचं नाही. पण माझा स्वभाव तसा नाही. मी म्हटलं, "बघ. आला की नाही माझ्याकडं? बेळगावला राहिला असता आता. तुला एवढासुद्धा धीर नव्हता? मला बाजारातून बाजारात हिंडवलंस आणि सांगायचं तेवढं सांगितलं नाहीस."

ती त्याच्या चिखलानं वाळलेल्या मुठीकडं बघत होती. "राहिला असता गं आई," ती म्हणाली. "तुझ्याकडं राहिला असता. मलाच राहवलं नसतं."

"मग तसं म्हणायचं."

"तुला काय म्हणू? तू खोली केलीस, जाळी लावलीस. तो रडत होता तोवर मला तसं म्हणायची गरजच पडत नव्हती." तिनं पर्सची चेन ओढून लावली. "तू नवीन खेळणं घेऊन यायचीस ना, तेव्हा मला वाटायचं, ह्या वेळी तरी रमू नये."

मला राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण कुणावर काढावा ते कळेना. ती माझी लेक होती. तिनं माझ्यासारखाच महिनोन् महिने जीव मुठीत धरला होता, फक्त उलट बाजूनं. मी दुकानात उभी राहून देवाला म्हणायची, हे त्याला आवडू दे. ती इथं बसून म्हणायची, नको.

आवाजानं पोरगा जागा झाला. डोळे चोळले, मातीचा हात सगळ्या तोंडाला लागला. समोर आई दिसली तसा तो एकदम उठला, माझ्या पोटावर पाय देऊन तिच्याकडं झेपावला, तिच्या गळ्यात हात टाकले आणि तिच्या मानेत तोंड घालून काहीतरी पुटपुटत राहिला. तिनं डोळे मिटून घेतले होते. मी उठायला गेले, पण दुपारभर तसंच बसून माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. उठता येईना. मी तिथंच बसून राहिले आणि लुगड्यावरची वाळलेली माती नखानं काढत राहिले.